पडवीतली गाडी पुन्हा रस्त्यावर
भाग ४ : सुरू झाली, पण थांबेल का?

मागच्या भागात इंजिन सुरू झालं. टाकीतलं वास मारणारं पेट्रोल काढलं, कार्बोरेटर खोलून जेट साफ केले, सायलेन्सरच्या तोंडातलं कुंभारमाशीचं घरटं उकरून काढलं, ऑइल बदललं आणि गाडी धडधडली. आता हात शिवशिवतात. निदान नाक्यापर्यंत एक चक्कर मारून यावी, असं कुणालाही वाटेल. ती चक्कर आज मारायची नाही. आज गाडी अंगणातच राहील आणि दोन्ही चाकं निघतील.

गॅरेजमध्ये जुनी गाडी टाकली की गिऱ्हाईक एकच विचारतं, ‘चालू झाली का?’ मिस्त्रीही मग त्याच कामाला आधी हात घालतो. आपणही या लेखमालेत इंजिन आधी घेतलं, कारण इंजिनच गेलं असेल तर पुढचा खर्च करायचा की नाही हे तिथेच ठरतं. पण महाड-पोलादपूरच्या गाडीला सगळ्यात जास्त जपावं लागतं ते ब्रेकना. पोलादपुरातून आंबेनळी घाट महाबळेश्वराला चढतो, कशेडी खेडकडे जातो, महाडहून वरंध घाटाने भोर गाठता येतं. गावात शिरायचं म्हटलं तरी हमरस्ता सोडून वाडीचा उतार-चढाव आलाच. सपाटीवर जेमतेम चालून जाणारा ब्रेक इथे चालत नाही.

थोडं गणित करू. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर आहे आणि पोलादपूर शंभर मीटरच्या आतबाहेर. चाळीसेक किलोमीटरच्या रस्त्यात साडेबाराशे मीटर उतरायचं. गाडी ११० किलोची, वर दोन माणसं धरली तर एकूण वजन २५० किलोच्या घरात जातं. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा सुटते, तिच्यात सुमारे दहा लिटर गार पाणी उकळेल. यातला काही भाग वारा खातो, काही टायर खातात, गाडी गिअरमध्ये असेल तर बराचसा इंजिन खातं. उरलेला सगळा चाकाच्या आतल्या दोन वाटीएवढ्या ड्रममध्ये उष्णता होऊन साठतो. ड्रम तापला की फुगतो आणि आत घासणाऱ्या लायनरपासून दूर सरकतो. लायनरही ठरावीक उष्णतेपुढे पकड सोडतो. पेडल खाली जातं, गाडी मात्र पुढेच जात राहते. घाटात ‘ब्रेक लागेना’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा काही तुटलेलं नसतं, ब्रेक फक्त तापलेला असतो. आणि धड असलेला ब्रेक तापून एवढा ढिला पडत असेल, तर चार पावसाळे पडवीत उभ्या राहिलेल्या ब्रेकचं काय होईल, याचा अंदाज करा.

आपण उदाहरणाला जुनी स्प्लेंडर धरली आहे. १९९४ मध्ये बाजारात आलेली ही गाडी कोकणातल्या गावागावात दिसते आणि तिच्या जुन्या मॉडेलला दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत. चाकरमानी मुंबईत असतो, गाडी गावी. गणपतीला निघते, शिमग्याला निघते, मग एखाद्या वर्षी निघतच नाही. वर प्लास्टिकचं कव्हर असतं. आपल्याकडच्या पावसात ते कव्हर ओल बाहेर जाऊ देत नाही, आत कोंडून ठेवतं.

आधी गाडी मेन स्टँडवर घ्या आणि मागचं चाक हाताने फिरवा. फिरलंच नाही तर लायनर गंजून ड्रमला चिकटलेत. अशा वेळी गिअर टाकून क्लच सोडत झटका देण्याचा प्रकार करू नका, त्याने लायनरचा तुकडाच उखडतो. पेडलच्या ॲडजस्टरचा नट पूर्ण सैल करा, ड्रमवर लाकडी ठोकळ्याने चहूबाजूंनी हलके ठोके द्या, चाक मागेपुढे हलवत राहा. सुटतं. पुढच्या चाकासाठी इंजिनखाली ओंडका लावून गाडी उचला.

चाक निघालं की पॅनल बाहेर येतो आणि त्याबरोबर काळी भुकटी सांडते. ती तोंडाने फुंकू नका, हवेच्या पाइपनेही उडवू नका. जुन्या लायनरची धूळ फुप्फुसाला फार वाईट. ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि फडकं टाकून द्या.

भुकटीऐवजी वाळलेला, बारीक, पिवळट गाळ निघाला तर जरा थांबा. ही गाडी पाण्याखाली होती. जुलै २०२१ च्या महापुरात सावित्री आणि गांधारीचं पाणी महाड शहरात घुसलं तेव्हा दारातल्या, बाजारातल्या किती गाड्या बुडाल्या याला गणती नाही. अशी गाडी वरून धुऊन-पुसून, रंगाचा हात मारून विकता येते. ड्रमच्या आतला, हेडलाइटच्या वाटीतला आणि टाकीखालच्या नळीच्या खोबणीतला गाळ सहसा कुणी काढत नाही. गाडी विकत घेताना हेडलाइटचे दोन स्क्रू सोडून आत बघू द्या म्हणा. विकणारा नाही म्हणाला तर गाडी सोडून द्या. आणि बुडालेली गाडी आधीच तुमच्या पदरात असेल तर चाकांचे बेअरिंग आणि ब्रेक शू न तपासताच बदलायचे. त्यात वाचवण्यासारखं काही नसतं.

आता शू हातात घ्या. अर्धचंद्राकृती ॲल्युमिनियमच्या पट्टीवर लायनर चिकटवलेला असतो. सगळे त्याची जाडी बघतात, आणि ती बघायलाच हवी. पण उभ्या राहिलेल्या गाडीत जाडीपेक्षा चिकटवण धोक्याची. लायनर जाडजूड, जवळपास नवा दिसतो, आणि खाली पट्टी पांढरी पडून फुलते. ते फुलणं चिकटवलेला थर आतून उचलत जातं. कडेला नखाएवढी फट दिसते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने लायनरवर टोकाटोकाने हलके ठोका. पक्का असेल तिथे टणक आवाज येतो, सुटला असेल तिथे पोकळ, बसका. असा लायनर रोजच्या वापरात महिनाभर गप्प राहील आणि एक दिवस जोरात ब्रेक दाबल्यावर अख्खाच्या अख्खा सुटून ड्रममध्ये अडकेल. मग चाक जागीच जाम. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तीन-चार वर्षं उभ्या असलेल्या गाडीचे शू कसेही दिसोत, ते बदला. दोन्ही चाकांचे मिळून काहीशे रुपयांचं काम आहे. कंपनीचे घ्या. पाकिटावर नाव नसलेले स्वस्तातले घेऊन वाचणारे पैसे या जागी वाचवू नयेत.

ड्रमच्या आतून बोट फिरवा. वरवरचा तांबूस गंज पॉलिश पेपरने निघतो. खोल चरे पडले असतील किंवा कडेला उंच ओठ तयार झाला असेल तर लेथवर कातून घेता येतो, पण त्याला मर्यादा आहे. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, त्यापुढे गेलेला ड्रम भंगारात.

पॅनलमध्ये शू फाकवणारा कॅम असतो. कित्येक मिस्त्री शू बदलतात आणि कॅमला हात लावत नाहीत. दुर्लक्षित गाडीत तो हमखास आखडलेला असतो, मग ब्रेक लागतो पण सुटत नाही. कॅम बाहेर काढा, दांडा पॉलिश पेपरने चकचकीत करा, उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचं अगदी पातळ बोट लावा आणि परत बसवा. बोटाने सहज फिरला पाहिजे. ग्रीस जास्त झालं तर तापून वितळतं आणि लायनरवर येतं.

याच ठिकाणी एक लबाडी चालते. लायनर झिजले की पेडल खोल जाऊ लागतं. तेव्हा बाहेरचा आर्म कॅमवरून काढून एक दात पुढे बसवतात. पेडल पुन्हा वर येतं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. आत मात्र कॅम जवळजवळ आडवा होईपर्यंत फिरतो आणि एखाद्या दिवशी तसाच अडकून बसतो. पॅनलवर एक खूण आणि तिच्याजवळ बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला भिडला तर शू संपले. बाण आर्मवरच कोरलेला असेल तर आर्म सरकवल्यावर तोही खोटं सांगू लागतो. जुनी गाडी घेतलीत तर बाणावर विसंबू नका, चाक उघडून डोळ्यांनी बघा.

जोडणी करताना दोन गोष्टी जिवाच्या आहेत. पुढच्या पॅनलला एक खाच असते. ती शॉकअपच्या नळीवरच्या उंचवट्यावर बसलीच पाहिजे. मागच्या पॅनलला एक लोखंडी पट्टी किंवा दांडी चिमट्याशी जोडते, तिच्या नटाला स्प्लिट पिन असते. दोन्हींचं काम एकच : ब्रेक लागल्यावर पॅनलला चाकाबरोबर फिरू न देणं. खाच बसली नाही किंवा पिन घालायची राहिली तर पॅनल गरकन फिरतो, केबल किंवा रॉड ओरबाडला जातो आणि चाक लॉक होतं. काढलेली जुनी पिन सरळ करून परत वापरू नका, नवी दोन-पाच रुपयांत मिळते. कुणाकडूनही चाकाचं काम करून घेतलंत, अगदी पंक्चर काढलंत तरी, निघण्याआधी वाकून ही पिन बघायची सवय लावा.

पुढच्या ब्रेकची केबल लिव्हरच्या टोकाशी तपासा. एक जरी तार तुटून बाहेर आली असेल तर केबल बदलायची. तेल सोडून चालवणं नको. मग सेटिंग. पुढच्या लिव्हरला टोकाशी १० ते २० मिलिमीटर आणि मागच्या पेडलला २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल ठेवा. चाक हाताने फिरवल्यावर घासल्याचा आवाज येता कामा नये. काहींना ब्रेक अगदी ‘कडक’ आवडतो. तसा ठेवला तर तो सतत घासत राहतो आणि घाट लागायच्या आधीच तापून बसतो.

पुढे डिस्क असलेली गाडी असेल तर वेगळं बघावं लागतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि कोकणात ओलीला काय तोटा! ओल शोषलेलं ऑइल कमी उष्णतेला उकळतं, पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर स्पंजासारखी मऊ लागते. टाकीतलं ऑइल चहाच्या रंगाचं दिसलं तर पूर्ण काढून झाकणावर लिहिलेल्याच प्रतीचं नवं भरा. कॅलिपरचा पिस्टन गंजला असेल तर सील किटसकट काम करून घ्या. ब्रेकचे रबरी भाग पेट्रोलने धुऊ नका, रबर फुगून बाद होतं. आणि एप्रिल २०१९ पासूनच्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस किंवा एबीएस सक्तीची झाली आहे. सीबीएस असलेल्या गाडीत मागचं पेडल दाबलं की पुढचाही लागतो, तेव्हा त्या जोडणीची चाल तपासल्याशिवाय सेटिंग पूर्ण झाली असं धरू नका.

चाकं निघालीच आहेत तर टायर. खोबणी खोल आहे म्हणून टायर चांगला, हा समज सोडा. दुचाकीला खोबणी निदान ०.८ मिलिमीटर हवी असा नियम आहे, पण उभ्या गाडीचा टायर झिजून मरत नाही, वयाने मरतो. बाजूला चार आकडे कोरलेले असतात : २३१७ म्हणजे २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. रबर कडक झालं की ओल्या डांबरावर ते पकडत नाही, आणि आपल्याकडे चार महिने डांबर ओलंच असतं. कडेला बारीक भेगा असतील तर ट्यूब आणि रिमपट्टीसकट टायर बदला. स्पोक एकेक करून बोटाने दाबून बघा, सैल आणि गंजलेले बदलून चाकाचा आऊट काढून घ्या.

आता चाचणी. इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत न्या आणि आधी पुढचा, मग मागचा ब्रेक दाबा. दोन्हींना गाडी जागेवर रुतली पाहिजे. मग सुक्या, मोकळ्या, सपाट रस्त्यावर हळू वेगात पुन्हा पुन्हा थांबून बघा. नवे शू ड्रमला लगेच पूर्ण टेकत नाहीत, सुरुवातीला पकड कमी वाटेल. थोडं चालवून पुन्हा चाक उघडलंत तर लायनरवर कुठे चकाकी आली आहे आणि कुठे नाही, हे दिसेल. चकाकी बऱ्याच भागावर पसरेपर्यंत घाट टाळा.

पुढचा ब्रेक लावला की माणूस डोक्यावरून पडतो, या भीतीने कित्येक जण वर्षानुवर्षं फक्त मागचाच वापरतात. ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून खरी पकड तिथेच असते. दोन्ही मिळून, दाब हळूहळू वाढवत लावा. वळणात, शेवाळावर आणि तांबड्या चिखलावर मात्र पुढच्याला जपून हात घाला. ओढ्याचं पाणी तुडवून बाहेर आलात की काही अंतर ब्रेक हलके दाबून ठेवा, ड्रममधलं पाणी उडून जातं.

आणि घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नका. आंबेनळीत हे रोज दिसतं, मागे बायको-पोर बसलेलं असतानाही. ते दहा लिटर पाणी उकळवणाऱ्या उष्णतेतला इंजिनचा वाटाही मग ब्रेकच्याच माथी येतो. ज्या गिअरमध्ये चढ चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन घरघरेल, घरघरू द्या. ड्रमवरून जळका वास आला तर बाजूला घेऊन थांबा, पाणी ओतू नका, तापलेलं ओतीव लोखंड तडकतं. आपोआप निवू द्या.

पुढच्या आठवड्यात कोनसेट, चिमट्याचे बुश आणि उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग. तोवर गाडीच्या आरसी पुस्तकावरची नोंदणीची तारीख बघून ठेवा. पंधरा वर्षं उलटून गेली असतील तर नूतनीकरण झाल्याशिवाय ती रस्त्यावर काढता येणार नाही, आणि त्या तपासणीच्या दिवशीही गाडी थांबवूनच दाखवावी लागते.