प्रश्न कोणाला विचारला? शेतकरी सर्वेक्षणातील मुलाखत, प्रश्नावली आणि नमुना निवड

तंजावरच्या उत्तरेस सुमारे १३ किलोमीटर अंतरावर कावेरीच्या काठी तिरुवैयारु वसले आहे. संत त्यागराजांनी १८४७ मध्ये येथेच देह ठेवला आणि दरवर्षी पौष वद्य पंचमीला त्यांच्या समाधीपाशी आराधनेसाठी गायक-वादक व रसिक एकत्र येतात. समजा, त्या मंडपात बसलेल्या शंभर जणांना "आपणांस कर्नाटक संगीत आवडते काय?" असे विचारले, तर उत्तर काय येईल हे सांगावयास नको. परंतु त्या उत्तरांवरून "तंजावर जिल्ह्यातील जवळजवळ सर्व लोक कर्नाटक संगीताचे चाहते आहेत" असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो हास्यास्पद ठरेल. प्रश्न चुकीचा नव्हता, उत्तरेही खोटी नव्हती. चुकली ती माणसांची निवड.

कृषी विस्ताराच्या क्षेत्रात मात्र अशाच निवडीवर आधारलेले निष्कर्ष अनेकदा स्वीकारले जातात. शेतकरी मेळाव्यास आलेल्या शेतकऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली जाते आणि तालुक्यातील सर्व शेतकऱ्यांची कीड व्यवस्थापनाविषयीची अभिवृत्ती म्हणून ती अहवालात मांडली जाते. मेळाव्यास येणारा शेतकरी बहुधा आधीच संपर्कातील, रस्त्यालगतच्या गावचा आणि एक दिवस काम सोडून येऊ शकणारा असतो. मानसशास्त्रात अशा निवडीस सोयीचा नमुना म्हणतात. तो प्राथमिक चाचपणीस उपयोगी पडतो, पण समग्राविषयी विधान करण्याचा अधिकार देत नाही.

किडींसाठी एक नियम, माणसांसाठी दुसरा

भाताच्या शेतात पाने गुंडाळणाऱ्या अळीचे सर्वेक्षण करताना कीटकशास्त्रज्ञ बांधालगतच्या ओळी सोडून देतो, कारण तेथील किडींची संख्या शेताच्या मध्यभागाहून वेगळी असू शकते. तो शेतातून ठरलेल्या मार्गाने चालतो आणि आधी ठरविलेल्या पद्धतीने चुडी निवडतो. ठळकपणे पिवळी दिसणारी चूड मुद्दाम निवडू नये, हे पदवीच्या विद्यार्थ्यासही शिकविलेले असते. डॉ. वि. गो. पानसे आणि डॉ. पां. वा. सुखात्मे या सांख्यिकी तज्ज्ञांच्या १९५४ मधील ग्रंथाने भारतातील कृषी संशोधकांच्या पिढ्यांना यादृच्छिक निवडीची शिस्त लावली. पीक कापणी प्रयोगातील शेत कोणाच्या आवडीने निवडावयाचे नसते, हे आज सर्वमान्य आहे. तोच संशोधक माणसांकडे वळला की मात्र बांधालगतच्याच ओळी मोजू लागतो.

श्रीपुरम: एका गावाच्या तीन वस्त्या

या त्रुटीचे गांभीर्य समजण्यासाठी तिरुवैयारुच्याच परिसरातील एका अभ्यासाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेई यांनी १९६१-६२ मध्ये येथील एका गावात राहून क्षेत्रकार्य केले. त्यावर आधारित त्यांचा जात, वर्ग आणि सत्ता यांविषयीचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथात गावाचे नाव 'श्रीपुरम' असे आहे. ते खरे नाव नव्हे. माहिती देणाऱ्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून योजलेले आहे. उत्तरदात्याच्या गोपनीयतेचा हा पहिला धडा होय.

श्रीपुरममध्ये त्यावेळी ३४९ कुटुंबे होती: ९२ ब्राह्मण, १६८ ब्राह्मणेतर आणि ८९ आदिद्रविड. तिन्हींच्या वस्त्या वेगळ्या होत्या. जमिनीची मालकी, कसणूक आणि मजुरी यांची विभागणीही बव्हंशी या रचनेशी निगडित होती. अशा गावात प्रवेश केल्यावर जो पहिला रस्ता लागेल तेथील ७० घरे गाठली, तर संख्या पुरेशी दिसेल, पण गावाचे चित्र एकांगी राहील. स्तरित यादृच्छिक पद्धतीने तेच ७० नमुने घ्यावयाचे झाल्यास प्रत्येक स्तरातून त्याच्या प्रमाणात, म्हणजे अनुक्रमे १८, ३४ आणि १८ कुटुंबे निवडावी लागतील. प्रत्येक स्तराची पूर्ण यादी करून त्यातून चिठ्ठ्या टाकून नावे काढली, तर निवडीत संशोधकाच्या सोयीला जागा उरत नाही.

तरीही एक अडचण शिल्लक राहते. बेतेई अग्रहारात राहत होते. तेथे राहण्याची संमती मिळाल्याने ब्राह्मण वस्तीतील जीवन त्यांना जवळून पाहता आले. पण त्याच कारणाने आदिद्रविड वस्तीत मोकळेपणाने वावरणे अवघड झाले. अग्रहारातून येणाऱ्या पाहुण्याकडे तेथील लोक साहजिकच संकोचाने पाहत. पुढे क्षेत्रकार्यातील अडचणींवर लिहिलेल्या निबंधात बेतेई यांनी ही मर्यादा स्वतःच प्रांजळपणे नोंदविली. संशोधक कोठे उतरला आहे, कोणासोबत चहा घेतो आणि कोणाच्या ओट्यावर बसून प्रश्न विचारतो, हे उत्तरदाता पाहत असतो. कृषी सेवा केंद्राच्या दुकानात बसून घेतलेली कीटकनाशकांविषयीची मुलाखत याच कारणाने सदोष ठरते.

प्रश्नाची भाषा

निवड अचूक झाली तरी प्रश्नाचे शब्द उत्तर वाकवू शकतात. तमिळमध्ये 'पूच्चि' हा शब्द सर्वच कीटकांसाठी वापरला जातो. "शेतात पूच्चि आहे काय?" या प्रश्नास मिळालेल्या होकारात खोडकिडाही असतो आणि त्याच्या अंड्यांवर उपजीविका करणारी परोपजीवी गांधीलमाशीही. तसेच कीटकनाशकास तमिळ शेतकरी 'मरुंदु' म्हणतो आणि मराठी शेतकरी 'औषध'. "औषध मारता काय?" असे विचारताच उपचार करणारा शेतकरी शहाणा आणि न करणारा निष्काळजी, असा संकेत प्रश्नातच दडलेला असतो. म्हणून प्रश्नावली भाषांतरित करून थांबू नये. दुसऱ्या व्यक्तीकडून ती पुन्हा मूळ भाषेत आणून अर्थ पडताळावा आणि प्रत्यक्ष वापरापूर्वी थोड्या शेतकऱ्यांवर पूर्वचाचणी घ्यावी.

"आपण शिफारशीनुसारच फवारणी करता ना?" हा सूचक प्रश्न होय. समोर कृषी अधिकारी बसलेला असताना त्याचे उत्तर 'होय' असेच येते. त्याऐवजी "गेल्या सांबा हंगामात लावणीनंतर पहिली फवारणी केव्हा केली? त्या दिवशी शेतात काय दिसले होते?" असे विचारल्यास उत्तर मतापासून घटनेकडे वळते.

मत आणि कृती यांतील अंतर मानसशास्त्रात जुनेच परिचित आहे. अमेरिकेतील रिचर्ड लापिएर यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी एका चिनी दांपत्यासह दूरवर प्रवास केला. अडीचशेहून अधिक उपाहारगृहे व निवासस्थानांपैकी केवळ एकाने त्यांना नाकारले. नंतर त्याच ठिकाणी "चिनी व्यक्तींना प्रवेश द्याल काय?" अशी प्रश्नावली पाठविली असता, उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी नकार कळविला. सांगितलेले आणि केलेले एकमेकांविरुद्ध जाऊ शकते. म्हणून फवारणीविषयीच्या उत्तरांस शेतातील निरीक्षणाची, रिकाम्या बाटल्यांची आणि खरेदीच्या पावत्यांची जोड हवी.

पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत अशी पायऱ्यांची मापनश्रेणी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली. कृषी संशोधनात ती आज सर्रास वापरली जाते. मात्र हेच लिकर्ट १९३९ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यात सर्वेक्षण विभागाचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त प्रश्नांच्या मुलाखतींवर भर दिला, ही बाब कमी ज्ञात आहे. शेतकऱ्याने आपल्या शब्दांत बोलावे आणि वर्गीकरण नंतर संशोधकाने करावे, ही त्यांची दिशा होती. चौकटीतील खूण 'किती' ते सांगते. 'का' हे जाणण्यासाठी ऐकावेच लागते.

ऐकल्याने काय साधते

भातातील कीड व्यवस्थापनात याचे ठोस उदाहरण उपलब्ध आहे. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे कीटकशास्त्रज्ञ के. एल. हिओंग आणि संवादतज्ज्ञ एम. एम. एस्कलाडा यांनी फिलिपाइन्स व व्हिएतनाममधील शेतकऱ्यांच्या समजुतींचा अभ्यास केला. हंगामाच्या सुरुवातीच्या बऱ्याच फवारण्या पाने गुंडाळणाऱ्या अळीविरुद्ध होत असल्याचे आढळले. फाटलेले, पांढुरके पान डोळ्यांना दिसते, म्हणून उत्पादन घटणारच, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. वस्तुतः वाढीच्या आरंभीच्या अवस्थेत पीक ही हानी बहुतांशी भरून काढते. उलट त्यावेळी केलेल्या फवारणीने मित्रकीटक मरतात आणि तपकिरी तुडतुड्यांच्या उद्रेकास वाट मिळते.

समजूत नेमकी कळल्यामुळे संदेशही नेमका करता आला. व्हिएतनाममधील लाँग अन प्रांतात शेतकऱ्यांना आपल्याच शेताच्या एका भागात पहिले ४० दिवस कीटकनाशक न फवारता फरक पाहण्याचे आवाहन केले गेले. त्यानंतर हंगामातील फवारण्यांची सरासरी ३.४ वरून १.६ पर्यंत उतरली.

सर्वेक्षणापूर्वी पडताळावयाच्या बाबी

• समग्र कोणते, हे आधी लिहून काढावे: जमीनमालक, कूळ की प्रत्यक्ष फवारणी करणारा मजूर?
• गावातील सर्व वस्त्या व वाड्यांची पूर्ण यादी करावी आणि प्रत्येक स्तरातून यादृच्छिक निवड करावी.
• निवडलेले घर बंद असल्यास शेजारचे घर परस्पर घेऊ नये. पुन्हा भेट द्यावी आणि न भेटलेल्यांची संख्या अहवालात नोंदवावी.
• घरातील कोणाची मुलाखत घ्यावयाची, हे ठरवून घ्यावे. लावणी व निंदणी करणाऱ्या स्त्रियांना किडीचा पहिला प्रादुर्भाव अनेकदा आधी दिसतो.
• मुलाखतीचा हेतू सांगून संमती घ्यावी, नाव गुप्त ठेवावे आणि नकाराचा आदर करावा.
• मुलाखत कोणी, कोठे व कोणाच्या उपस्थितीत घेतली, याची नोंद ठेवावी.

सर्वेक्षणातील उत्तरांवरून शिफारशी ठरतात आणि शिफारशींवरून फवारण्या. पाठीवर पंप घेऊन शेतात उतरणारा मजूर नमुन्यात नसेल, तर त्याला होणारी विषबाधा अहवालात दिसणार नाही आणि जे अहवालात दिसत नाही, त्यावर उपायही सुचविला जात नाही. चुडी निवडताना पाळली जाणारी शिस्त माणसे निवडताना पाळणे, ही म्हणूनच केवळ सांख्यिकीची औपचारिकता नव्हे. ज्यांच्यासाठी संशोधन केले जाते त्यांच्याप्रती असलेली ती जबाबदारी होय.