इशारा वेधशाळेचा, सावली कुणाची?

एप्रिल-मे महिन्यात हवामान विभाग जिल्ह्यासाठी पिवळा किंवा नारिंगी इशारा देतो. काही मिनिटांत तो मोबाइलवर सगळीकडे फिरतो. पण नेवाशासारख्या तालुक्याच्या गावात त्यानंतर नेमके काय बदलते? हा प्रश्न प्रशासनाइतकाच आरोग्याचाही आहे.

बाहेरचा उष्मा वाढला की शरीर घामावाटे स्वतःला थंड ठेवते. पाणी कमी पडले, श्रम थांबले नाहीत किंवा हवा दमट असली की ही सोय अपुरी पडते. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. माणूस असंबद्ध बोलू लागतो, झटके येतात, शुद्ध हरपते. हा उष्माघात. यात पहिला अर्धा तास फार मोलाचा. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला सावलीत आणून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा इथे उपयोग होत नाही, कारण हा जंतुसंसर्गाचा ताप नव्हे.

म्हणजे पहिले औषध पाणी आणि सावली, आणि ती दोन्ही दवाखान्याबाहेर लागतात. ती कोणी द्यायची? गावातला पाणीपुरवठा, बाजार आणि झाडे नगरपंचायतीकडे. तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत, तर खेड्यांतली प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे. आपत्ती व्यवस्थापन जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांकडे. वीज महावितरणची आणि बसस्थानक एसटी महामंडळाचे. प्रत्येक कार्यालय आपापले पत्रक काढते, पण उन्हात उभ्या असलेल्या मजुराला ही सगळी पत्रके मिळून एक माठ मिळेलच असे नाही.

अहमदाबादचे उदाहरण इथे उपयोगी पडते. मे २०१० मधल्या उष्णतेच्या लाटेत त्या शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. मग २०१३ मध्ये महापालिकेने उष्णता कृती आराखडा लागू केला. पुढील अभ्यासात वर्षाला सरासरी अकराशेहून अधिक मृत्यू टळल्याचा अंदाज निघाला. यामागचे एक कारण सहसा लक्षात येत नाही. तिथे पाणी, बागा आणि मोठी रुग्णालये एकाच महापालिकेच्या हाती आहेत. इशारा आला की एका आयुक्ताच्या आदेशाने बरेच काही हलते. नागपूरनेही पुढे असा आराखडा केला. छोट्या गावाला मात्र तो आराखडा जसाच्या तसा उचलता येत नाही. इथे अधिकार वाटलेले आहेत, म्हणून समन्वय आधीच ठरवून ठेवावा लागतो.

आपल्या तालुक्याची गरज तर आणखी वेगळी. शनिजयंती वैशाख अमावास्येला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात येते आणि शनिशिंगणापुरात मोठी गर्दी होते. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हातल्या कार्यक्रमानंतर १४ जणांचा जीव गेला. दर्शनाची रांग, रोजगार हमीच्या कामाची वेळ आणि आठवडे बाजार, या सगळ्यांची वेळ ठरवताना उन्हाचा विचार झालाच पाहिजे.

करता येण्यासारखे बरेच आहे. हवामानबदल आणि मानवी आरोग्य हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ पासून आहे, आणि उन्हाळ्यात रुग्णालये उष्माघाताच्या रुग्णांची नोंद ठेवतात. ती नोंद नुसती वर पाठवून न थांबता नगरपंचायतीलाही द्यावी. कोणत्या वस्तीतून रुग्ण येतात हे कळले तर टँकर आणि पाणपोई तिथे जाईल. ‘माझी वसुंधरा’ अभियानात २०२० पासून स्थानिक संस्था झाडे लावतात. त्यातली काही बसस्थानकाजवळ आणि दवाखान्याच्या रांगेवर सावली पडेल अशी लावावीत. आणि तहसीलदारांनी फेब्रुवारीतच सर्वांना एकत्र बसवून एका पानाचा तक्ता करावा: पिवळ्या इशाऱ्याला कोण काय करणार, नारिंगीला कोण, लालला कोण, आणि खर्च कोणत्या खात्यातून.

तो तक्ता नगरपंचायतीच्या फलकावर लागला आहे का, हे वाचकांनी यंदा मार्च उजाडण्यापूर्वी जाऊन पाहावे. नसेल तर विचारावे. उन्हाळ्यात पडणाऱ्या रुग्णांसाठी आपल्याला करता येईल अशी ही सर्वांत स्वस्त मदत आहे.