छायाचित्राची पार्श्वभूमी

छायाचित्र पाहताना आपली दृष्टी प्रथम माणसाच्या मुखाकडे जाते. त्याच्या पाठीमागे काय आहे, इकडे सहसा लक्ष जात नाही. परंतु ते चित्र कोठे व कोणत्या परिस्थितीत घेतले, हे पुष्कळदा ही मूक पार्श्वभूमीच सांगते.

पार्श्वभूमी पालटण्याची हौस नवी नाही. पूर्वी छायाचित्रकाराच्या दुकानात रंगविलेले पडदे टांगलेले असत. ताजमहालाच्या पडद्यापुढे उभा राहिलेला बदलापूरचा गृहस्थ घटकाभर आग्र्यास जाऊन येई! पडदा रंगविलेला आहे, हे पाहणारासही कळे. म्हणून त्यात कोणाची फसवणूक नव्हती.

आज पडद्याचे काम संगणक करतो. १९९० साली फोटोशॉप ही आज्ञावली बाजारात आली, तर १९९६ साली गिंप ही विनामूल्य आज्ञावली लोकांच्या हाती पडली. दोहोंचे तत्त्व एकच. संगणकातील छायाचित्र सूक्ष्म बिंदूंचे बनलेले असते. त्यांस पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलचा रंग अंकांनी नोंदलेला असतो. प्रथम माणसाची बाह्यरेषा आखून त्याचे पिक्सेल निवडावयाचे. मग मागचा भाग खोडून न टाकता मास्कने झाकावयाचा. म्हणजे चूक झाल्यास तो पुन्हा उघडता येतो. शेवटी खालच्या थरात नवे चित्र ठेवावयाचे. काचेवर चिकटविलेल्या चित्रामागून दुसरे चित्र सरकवावे, तसाच हा प्रकार होय.

खरी कसोटी कडांवर लागते. केसांच्या कडेच्या पिक्सेलमध्ये केसांचा व मागील भागाचा रंग मिसळलेला असतो; तो तसाच राहिला, तर डोक्याभोवती जुन्या पार्श्वभूमीची फिकट किनार दिसते. तसेच, माणसाच्या मुखावर ऊन डावीकडून आणि मागील झाडावर उजवीकडून पडलेले असेल, तर जाणत्याच्या ध्यानी ते तत्काळ येते.

ही विद्या उपयोगाची आहे. उल्हासनगरचा जीन्सचा व्यापारी मालाच्या चित्रामागील गाठोड्यांचा पसारा काढून तेथे शुभ्र रंग घालतो. माल तोच राहतो. ग्राहकाचे त्यात नुकसान नाही.

परंतु अंबरनाथचे शिवमंदिर घ्या. तेथील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा काळ कोरलेला आहे. मंदिराजवळून वाहणारी वालधुनी नदी कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्याने दूषित झाली आहे. मंदिराचे चित्र सुंदर दिसावे म्हणून कोणी त्यातील काळसर पाण्याच्या जागी निर्मळ प्रवाह बसविला, तर चित्र खुलेल खरे. पण नदीची व्यथा त्याबरोबर पुसली जाईल. ते चित्र पाहणारास नदीसाठी काही करावयाचे आहे, असे वाटणारच नाही. पुढे नदीचा इतिहास लिहू पाहणाराचीही त्याने दिशाभूल होईल.

यास्तव दोन नियम पाळावेत. मूळ छायाचित्र नेहमी जपून ठेवावे, आणि पालटलेल्या चित्राखाली तसे स्पष्ट लिहावे. शोभेसाठी पडदा अवश्य बदलावा. परंतु जेथे पार्श्वभूमी साक्षीदार असते, तेथे तिचे म्हणणे बदलू नये.