एका ‘लूप’चा सोळा वर्षांचा प्रवास

सांगली, प्रतिनिधी – मार्केट यार्डात हळदीचे पोते काट्यावर चढते, वजन वाचले जाते, बेरजेत मिळवले जाते आणि पुढचे पोते येते. काट्यावर शून्य दिसले की पोती संपली. संगणकाला असे काम पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या रचनेस ‘लूप’ म्हणतात.

‘पायथन’ या संगणकीय भाषेत या साध्या कामातही एक अडचण होती. तेथील ‘व्हाइल’ लूप प्रत्येक फेरीच्या आरंभी अट तपासतो; परंतु पोते शिल्लक आहे की नाही, हे वजन वाचल्याशिवाय कळत नाही. परिणामी ‘वजन वाचा’ ही आज्ञा लूपच्या आधी एकदा आणि लूपच्या शेवटी पुन्हा लिहावी लागे. धोका येथेच आहे. उद्या वजनातून बारदान वजा करण्याचे ठरले आणि दुरुस्ती फक्त पहिल्या ठिकाणी झाली, तर पहिले पोते बरोबर मोजले जाईल आणि उरलेली सर्व चुकतील. हे टाळायचे तर अखंड फिरणारा लूप लिहून मध्येच ‘ब्रेक’ या आज्ञेने बाहेर पडावे लागे.

यावर उपाय म्हणून रेमंड हेटिंगर आणि डब्ल्यू. आयझॅक कॅरोल यांनी २००३ मध्ये ‘पेप ३१५’ हा प्रस्ताव मांडला. ‘पेप’ म्हणजे पायथनमधील सुधारणेचा लेखी प्रस्ताव. आधी ‘डू’खाली वजन वाचावे, मग ‘व्हाइल’ने अट तपासावी आणि त्यानंतर बेरीज करावी, अशी ही रचना होती. मात्र ‘डू’ हा शब्द भाषेने राखून ठेवला असता, तर ज्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ते नाव वापरले होते, ते बंद पडले असते.

भाषेचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी २०१३ मध्ये प्रस्ताव फेटाळला. अशा बदलाने लिहिणाऱ्यांचे थोडे श्रम वाचतील. पण दुसऱ्याचा प्रोग्रॅम वाचणारे आणि सांभाळणारे गोंधळतील, असे त्यांचे म्हणणे होते.

अखेर उत्तर वेगळ्या वाटेने आले. ‘पेप ५७२’ने ‘:=’ हे चिन्ह सुचवले. त्यामुळे वजन वाचणे, ते नोंदवणे आणि अट तपासणे एकाच ओळीत शक्य झाले. त्यावरील वाद इतका तीव्र झाला की, प्रस्ताव स्वीकारल्यानंतर जुलै २०१८ मध्ये व्हॅन रॉसम नेतृत्वातून बाजूला झाले. ऑक्टोबर २०१९ मधील पायथन ३.८ या आवृत्तीत हे चिन्ह दाखल झाले.

असा प्रस्ताव कोणीही मांडू शकतो; येथील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थीही. त्यासाठी पायथनच्या मुख्य विकासकांपैकी एकाचे पाठबळ मात्र लागते. प्रस्तावात नव्या रचनेची गरज, जुन्या प्रोग्रॅमवरील परिणाम आणि नाकारलेले पर्याय स्पष्ट करावे लागतात. कारण प्रोग्रॅम एकदा लिहिला जातो, पण वाचला जातो अनेकदा; आणि भाषेत एकदा शिरलेली रचना सहजी मागे घेता येत नाही.