जुन्या ट्रकचे ड्रम ब्रेक : घरी काय करायचं आणि कुठे थांबायचं

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा असे साखर कारखाने आहेत. हंगामात ट्रक उसाच्या ओझ्याखाली, आणि हंगाम संपला की महिनोन्‌महिने वस्तीवर झाडाखाली उभा. ब्रेकच्या दृष्टीने दोन्ही वाईट. ओझ्याने लायनर झिजतात. उभं राहून ड्रम गंजतो, व्हील सिलिंडरचा पिस्टन अडकतो. म्हणून मोळी पडायच्या आधी ब्रेक उघडून बघायला हवेत. ते घरी करता येतं का? काही येतं, काही येत नाही. ही सीमा कुठे आहे, ते आज आपण पाहू.

आधी ब्रेक करतो काय? चाकाबरोबर ड्रम फिरतो. आत दोन अर्धगोल शू असतात, त्यांवर लायनर. पेडल दाबलं की शू बाहेर फाकतात आणि ड्रमला घासतात. गाडीची गती जिरते, म्हणजे तिची उष्णता होते. किती? भरून सहा टनांची गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने चालली आहे असं धरा. ती थांबवताना सुमारे पावणेसात लाख जूल उष्णता तयार होते. दोन लिटर गार पाण्याला उकळी आणायला साधारण एवढीच लागते. वेग दुप्पट केला तर ही उष्णता चौपट. शिवाय तापलेला ड्रम फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खोल जाऊ लागतं. झिजलेल्या लायनरला ही तफावत भरून काढायला जागाच उरत नाही. रात्री निमगाव केतकीच्या रस्त्यावर पुढे दिवा नसलेली उसाची बैलगाडी आली, तर हिशेब तिथेच होतो.

आता सीमा. आपल्या गाडीला ब्रेक ऑइलची बाटली आहे की हवेच्या टाक्या, ते बघा. मोठ्या ट्रकला एअर ब्रेक असतात. त्यांच्या पार्किंग ब्रेकच्या चेंबरमध्ये दाबून बसवलेली जबर स्प्रिंग असते. तो चेंबर उघडला तर ती गोळीसारखी सुटते, माणूस जागच्या जागी जातो. त्याला घरी हात लावायचा नाही. आपण पुढे बोलतोय ते ऑइल ब्रेकच्या छोट्या ट्रकबद्दल.

गाडी रिकामी, जमीन सपाट आणि कडक. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून उटी लावा. नट आधी ढिले करा, मग जॅक. जॅकवर गाडी सोडून आत हात घालू नका. एक्सलखाली मजबूत घोडी हवीच. मागचं चाक उघडताना हँडब्रेक सोडलेला असावा, नाहीतर ड्रम निघत नाही. गंजाने चिकटला असेल तर आधी ॲडजस्टर मागे घ्या. काही गाड्यांत ड्रमबरोबर हबही काढावा लागतो. बेअरिंगचं काम येत नसेल तर तिथे मिस्त्रीला बोलवा.

ड्रम निघाला की आतली काळी धूळ हवेच्या नळीने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुफ्फुसाच्या कॅन्सरला कारण होते. पाण्याने भिजवा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. लेकरांना लांब ठेवा.

मग तपासणी. लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आला असेल तर बदला. तेलाने किंवा ग्रीसने भिजला असेल तर जाड असला तरी बदला, पण आधी गळणारं सील शोधा. नाहीतर नवाही भिजेल. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास बहुधा कोरलेला असतो. त्यापलीकडे गेलेल्या किंवा तडा गेलेल्या ड्रमला लेथवर कट मारून उपयोग नाही, तो भंगारात.

एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे स्प्रिंगा कशा होत्या हे दुसरीकडे बघता येतं. पण बदलताना एका एक्सलच्या दोन्ही बाजू बदला. एक नवी, एक जुनी ठेवली तर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते. उसाच्या उंच भरीला तेवढं पुरतं. ड्रम बाहेर असताना कुणालाही पेडल दाबू देऊ नका, पिस्टन बाहेर येतील.

बसवून झाल्यावर ॲडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवा, मग चाक हलकं घासत फिरेल इतका मागे घ्या. सिलिंडर उघडला असेल तर एअर काढा. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात. ब्रेक ऑइल गाडीला सांगितलेलंच, बंद डब्यातलं. इंजिन ऑइल ओतलं तर रबर फुगतं आणि सगळे ब्रेक जातात.

शेवटी मोकळ्या जागेत, रिकाम्या गाडीने, हळू वेगात बरेचदा ब्रेक मारून बघा. नंतर प्रत्येक ड्रमवर पाण्याचे दोन थेंब टाका. एकाच चाकावर चर्र झालं तर तिथला शू अडकतोय. पेडल मऊ असेल, गाडी ओढत असेल, तर ती उसाला लावायची नाही, मिस्त्रीकडे न्यायची. खेप एक दिवस उशिरा गेली तर चालतं.