भांडं नसलेली भट्टी

पाणी शून्य अंशाला गोठतं हे आपण शाळेपासून घोकतोय. पण स्वच्छ पाणी न हलवता थंड केलं तर ते शून्याखाली जाऊनही पाणीच राहू शकतं. फॅरेनहाइटने हे १७२४ सालीच लिहून ठेवलंय. अशा द्रवाला सुपरकूल्ड लिक्विड म्हणतात. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे काही शब्द असेच येणार, सांभाळून घ्या!)

१९५० च्या सुमारास अमेरिकेत डेव्हिड टर्नबुल यांनी वितळलेल्या धातूंचे बारीक थेंब असेच गोठणबिंदूच्या शेकडो अंश खाली नेले. प्रश्न पडला, की इतकं थंड होऊनही धातू गोठत का नाही?

१९५२ मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स फ्रँक यांनी एक तर्क मांडला. द्रवात एका अणूभोवती बारा अणू आयकोसाहेड्रॉन, म्हणजे वीस त्रिकोणी बाजूंच्या आकारात बसत असावेत. ही रचना अणूंना सोयीची, पण स्फटिकाला परवडत नाही. पंचकोनी फरशा बसवून बघा, कुठेतरी फट राहतेच. त्यामुळे गोठायचं तर आधी ही रचना मोडावी लागणार.

तर्क झकास, पण तपासायचा कसा? इथे आडवं येतं ते भांडं. टायटॅनियम १६६८ अंश सेल्सिअसला वितळतं आणि तेव्हा ते भांड्याशीच रिअ‍ॅक्ट होतं. शिवाय भांड्याची भिंत दुधातल्या विरजणासारखं काम करते, तिथूनच स्फटिक सुरू होतात. म्हणजे द्रव सुपरकूल व्हायच्या आधीच खेळ खल्लास!

मग भांडंच काढून टाकलं तर? हेच लेव्हिटेशन. थेंब हवेत तरंगत ठेवायचा. कॉइलच्या मॅग्नेटिक फील्डने, खालून गॅसचा झोत सोडून किंवा व्हॅक्यूममध्ये दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये चार्ज देऊन. शेवटच्या पद्धतीत एक गोम आहे. नुसत्या स्थिर इलेक्ट्रिक फील्डमध्ये चार्ज स्थिर राहूच शकत नाही, हे अर्नशॉने १८४२ मध्ये सिद्ध केलं होतं. म्हणून थेंबाच्या जागेवर सतत नजर ठेवून व्होल्टेज क्षणोक्षणी बदलावं लागतं. कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर उगाच नाही बरं का! तापवायला लेसर, तापमान मोजायला पायरोमीटर, दोन्ही न शिवता.

२००२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांच्या गटाने तरंगत्या धातूंवर न्यूट्रॉन सोडून फ्रँकच्या कल्पनेशी जुळणारे पुरावे मिळवले. २००३ मध्ये केनेथ केल्टन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आर्गॉन लॅबमध्ये टायटॅनियम-झिर्कोनियम-निकेलच्या तरंगत्या थेंबावर एक्स-रे टाकले. थेंब थंड होत गेला तशी आयकोसाहेड्रल रचना वाढत गेली. गंमत म्हणजे, गोठताना आधी स्थिर स्फटिक न बनता क्वासीक्रिस्टल बनलं, कारण त्याची ठेवण द्रवाच्या ठेवणीच्या जवळची होती. म्हणजे कोणतं घनरूप आधी जन्माला येणार, हे द्रवाच्या रचनेवरही ठरतं.

२०१४ मध्ये तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर अशी इलेक्ट्रोमॅग्नेटिक भट्टी पोचली. तिथे वजन जाणवत नसल्याने थेंब तोलायला फारच कमी जोर लागतो.

मला यात आवडतं ते हे, की फ्रँकचा तर्क पन्नास वर्षं अडून राहिला तो गणितामुळे नाही, तर भांड्यामुळे. ‘द्रवाला स्वतःचा आकार नसतो, तो भांड्याचा आकार घेतो’ हे आपण सगळ्यांनी पाठ केलंय. बाहेरचा आकार नसेलही, पण आतली रचना मात्र द्रवाची स्वतःची असते. ती बघायला भांडं बाजूला काढावं लागलं, एवढंच.