घर कोणाच्या नावावर?

इंग्रजी अमदानीत मलायात चिनी मजूर कथिलाच्या खाणींवर आले, तमिळ मजूर रबराच्या मळ्यांवर. दोघेही बहुधा कफल्लकच. मग पुढे एक समाज व्यापारात स्थिरावला आणि दुसऱ्यातले अनेकजण मागे का राहिले? ‘चिन्यांच्या रक्तातच व्यापार’ हे उत्तर अपुरे आहे. खाणींभोवती गावे वाढली, क्वालालंपूर त्यांतलेच. तिथे दुकान थाटता आले, कुलबांधवांची मंडळे आणि आपल्या भिशीसारखे व्यवहार मदतीला आले. तमिळांची घरे मात्र मळेमालकाची. मळे विकले गेले तेव्हा नोकरीबरोबर छप्परही गेले. १९७१च्या नव्या आर्थिक धोरणाने झुकते माप दिले ते मलयांना. २००७ साली हजारो भारतवंशीय क्वालालंपूरच्या रस्त्यावर उतरले. बँकेत जन्मभर तारण तपासले म्हणून सांगतो, नावावर वीतभर जागा नसलेल्याच्या नुसत्या घामावर कर्ज मिळत नाही.